चंचीनं पारखलेली आळी

नाक मुरडू नका, मी साळूबाईची चंची बोलतेय. खणाच्या कापडाची, चार कप्प्यांची. एकात पान, एकात सुपारी, एकात चुन्याची डबी. चौथ्यात काय, ते वासावरून कळतंच. चांदवडच्या बाजारात शिवली गेले आणि साळूबाईच्या कमरेला जी बसले ती बसलेच. मला उघडलं की बाया बोलायला लागतात, म्हणून मी स्वतःला फार शहाणी समजायचे.

सत्त्याण्णव साली तिच्या मुलाला, गोरक्षला, नाशकात द्वारका चौकाजवळ ट्रान्सपोर्टमध्ये नोकरी लागली. नात निकिता पहिलीत जायची होती. गोरक्षनं हायवेच्या पलीकडं खोली पाहून ठेवली, शाळा त्याच गल्लीत. पण साळूबाई म्हणाली, "भिंती काय बघायच्या? बाया बघू. पान पुढं करायचं. घेतलं तर आळी चांगली."

अशी आमची पारख!

गेलो. गल्लीत दारोदार कुलपं. ओट्यावर मला उघडून ठेवलं, पण माशीसुद्धा बसली नाही. "हितं माणसं ऱ्हात्यात का भुतं?" म्हणत साळूबाई हायवे ओलांडून अलीकडं आली. तर पिठाच्या गिरणीपुढं डझनभर बाया डबे घेऊन बसलेल्या! मी उघडले आणि हातावर हात पडले. कमळाबाई नावाच्या बाईनं तर दोन पानं लावली.

"शाळा कशी हाय वो?" साळूबाईनं विचारलं.

"लय चांगली. आमच्या दारातच हाय. पोरं मधल्या सुट्टीत घरी येऊन जेवत्यात."

मी रिकामी झाले तरी फुगले.

"गोरक्ष, हितंच खोली घे."

"आई, पण ती..."

"गप."

जूनमध्ये सामान उतरलं. दुसऱ्या दिवशी बघतो तर गिरणीपुढं कुणीच नाही. गिरणीवाला बारकू म्हणाला, "मावशी, त्या बाया पल्याडच्या. त्या दिवशी तिकडं लाईट नव्हती, म्हून इकडं दळाया आल्या व्हत्या."

"आन् शाळा?"

"ती बी पल्याडच."

सून मंजुषानं पदराआड हसून घेतलं. "आत्याबाई, घर बघाया गेल्या व्हत्या का पान वाटाया?"

पण हसून भागणार नव्हतं. मधे कांद्याचे ट्रक पळणारा हायवे, आणि सहा वर्षांची पोर. साळूबाईला त्या दिवशी भाकर गोड लागली नाही.

सकाळी तिनं एका हातात दप्तर घेतलं, दुसरा हात ट्रकवाल्यांना थांबवायला वर केला. पोरीला धरायला हात उरला नाही. निकितानं माझी नाडी मुठीत आवळली. तंबाखू सांभाळणारी मी, पोर सांभाळायला लागले! ट्रकवाले शिव्या द्यायचे, साळूबाई व्याजासकट परत करायची. पलीकडं पोचलो की कमळाबाई पानासाठी हात पुढं करून उभीच. अशी तीन वर्षं गेली.

चौथीत एके दिवशी निकिता म्हणाली, "आजी, तू इथंच थांब. आज मी एकटी जाते."

नाडी सुटली. साळूबाईनं मला दोन्ही हातांनी असं आवळलं की चुन्याची डबी उघडून सगळा चुना सांडला. पोर दोन्हीकडं बघत नीट पलीकडं गेली, वळून हात हलवला. मगच साळूबाईनं मला सोडलं.

आता दोन हजार सात चालू आहे. डॉक्टरांनी तंबाखू बंद केली, मी खुंटीवर. वास काही जात नाही, म्हणून मंजुषा अधूनमधून साबण घेऊन येते. बाई, वासाला काय म्हणायचं ते म्हण, पण माझी नाडी धुऊ नकोस. टोकाशी पोरीच्या मुठीचा मळ आहे. उभ्या आयुष्यात मी मिरवावं असं तेवढंच.