गरवा वाण

"काका, सत्तेचाळीस नंबरची ओळ आज उपटून टाका," केंद्राच्या शास्त्रज्ञ मॅडम म्हणाल्या. "तीन वर्षं झाली, वेळेवर फुलोराच नाही. आपल्याकडची हवा ह्या भाताला मानवत नाही, असं लिहून मोकळी होते."

भात संशोधन केंद्रावर काकांना सगळे 'गरवे' म्हणत. गरवं म्हणजे उशिरा येणारं भात. ह्यांचं लग्न उशिरा, बढती उशिरा, आणि विनोद कळायचा तोही जेवणाची सुट्टी संपल्यावर. नाव चिकटलं ते चिकटलंच. पण कुठली ओळ कधी फुलली याची त्यांच्या वहीतली नोंद एकतीस वर्षांत एका दिवसानं इकडची तिकडे झाली नव्हती. त्या वहीचा त्यांना भारी अभिमान होता. निवृत्तीला अकरा दिवस उरले होते.

उपटायला ते ओळीच्या पलीकडच्या टोकाला गेले आणि थबकलेच. तिथं लोंब्या केव्हाच बाहेर पडून दाणे भरत आले होते. ते पायवाटेकडे सरकू लागले, तशा लोंब्या विरळ होत गेल्या. वाटेलगतची रोपं नुसती हिरवीगार, ढिम्म. आणि नोंदीसाठी ते तीन वर्षं वाटेलगतचीच पहिली पाच रोपं बघत आले होते!

त्यांनी वर पाहिलं. वाटेच्या खांबावरचा दिवा. हात्तिच्या! शेजारची हळवी, लवकर येणारी भातं आपले दिवस भरले की फुलतात, त्यांना उजेडाशी देणंघेणं नाही. हे गरवं मात्र रात्र लांबायची वाट बघतं, आणि दिव्यानं इथं धड रात्रच होऊ दिली नव्हती.

दिवा काकांनीच अर्ज करून बसवून घेतला होता. बायको संध्याकाळी डबा घेऊन यायची, वाटेतल्या दगडाला ठेचकाळायची आणि फणकारायची, "भात कधी फुलतं ते बघता, जरा माझ्या वाटेचंही बघा!" ती गेली त्याला सहा महिने झाले होते.

ओळ उपटली असती तर कुणाला पत्ताही लागला नसता. काका बराच वेळ बांधावर बसून राहिले. जाता जाता आपल्याच तोंडानं वही खोटी म्हणायची? मग ते उठले.

"मॅडम, भाताची काही चूक नाही. नोंदी माझ्या चुकल्यात."

"तीन वर्षांच्या?"

"तिन्ही वर्षांच्या. दिवा मीच मागितला होता."

मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. अहवाल परवा जायचा होता. मग त्या हळूच म्हणाल्या, "काकूंसाठी ना तो दिवा? असू दे. पुढच्या वर्षी ओळ दुसरीकडे लावू."

"नको, बंदच करू. त्या वाटेनं आता येतंय कोण?"

संध्याकाळी त्यांनी तिन्ही नोंदींवर लाल रेघ मारली, खाली सही केली आणि दिव्याचं बटण स्वतःच बंद केलं. घरी निघाले, तर अंधारात नेमका त्याच दगडावर अंगठा ठेचला. "आई गं!" ते तसेच खाली बसले, दोन्ही हातांनी दगड उकरून काढला आणि बांधापलीकडे टाकून दिला.

पाच मिनिटांचंही काम नव्हतं.