उघड्या छातीचे आजोबा

"संकटकाळी घरात एक तरी माणूस डोकं ठिकाणावर असलेला लागतो," असं काटेवाल्यांनी दवाखान्याच्या व्हरांड्यात जमलेल्या समस्त नातेवाइकांना ठणकावून सांगितलं, तेव्हा त्यांच्या एका पायात स्वतःची चप्पल होती आणि दुसऱ्या पायात विहीणबाईंची.

जन्मभर वजनकाट्यावर मालाचे ट्रक तोलले, म्हणून त्यांना सगळे काटेवाले म्हणत. आता निवृत्त होते. कालपासून लाकडी बाकावर बसून बसून पाठीचं लाकूड झालं होतं, आणि दिवस भरायच्या आधीच पहाटे सुनेला मुलगी झाली होती. वजन दीड किलोच्या आसपास. काटेवाल्यांच्या काट्याचा काटा एवढ्याला हललाही नसता.

बाळंतपणानंतर सुनेच्या अंगावरून फार गेलं होतं. पलीकडच्या खोलीत तिला रक्त चढत होतं, आणि उशाशी विहीणबाई बसून होत्या. मुलाने मोठ्या बाणेदारपणे रक्त दिलं आणि उठता उठता तिथेच आडवा झाला. आता तोही एक खाट अडवून होता. बाळांना ऊब देणारी पेटी दवाखान्यात एकच, त्यात आधीच दोन बाळं डोक्याला पाय लावून झोपलेली. तेव्हा सिस्टरने नात कपड्यात गुंडाळून नातेवाइकांच्या हाती दिली आणि बजावलं, "उघडू नका."

आता नातेवाईक म्हटले की उघडणं आलंच. आत्याने नाक कोणाचं ते बघायला उघडलं. मामांनी कान बघितले. चुलतीला बोटं मोजायची होती. शेवटी काटेवाल्यांनी, सगळ्यांनी नीट गुंडाळलंय ना याची खात्री करायला, पुन्हा एकदा पूर्ण उघडलं.

सिस्टर आली. तिची ड्युटी कालच संपली होती, पण बदलीची सिस्टर आलीच नव्हती, त्यामुळे ती चालताना भिंतीला हात लावत होती. तिने बाळाच्या तळव्यांना हात लावला आणि हात तसाच ठेवला.

"गार पडलीय," ती म्हणाली. आवाज चढवायलाही तिच्यात त्राण नव्हतं. "भाजी घ्यायला आलात का, उलटीपालटी करून बघायला?"

सगळे आपापल्या पायांकडे बघू लागले.

"अशीच गार होत गेली तर हाती लागायची नाही. कोणाच्या तरी उघड्या छातीवर ठेवायला हवी, अंगाला अंग लावून. आईला जमण्यासारखं नाही. कोण घेतंय?"

मामांना अचानक गाडी आडवी लावल्याचं आठवलं. आत्याला चारचौघांत संकोच वाटला. काटेवाल्यांची बायको पुढे झाली, पण तिला खोकल्याची जोराची ढास लागली.

"तुम्ही नको आजी, तुमच्या अंगात ताप आहे. आजोबा, शर्ट काढा."

"मी? अहो, मी पुरुष माणूस."

"असू दे. ऊब असली म्हणजे झालं."

"माझ्या छातीवर केस आहेत."

"तिची तक्रार आली की बघू. आधी साबणाने धुवून या. तंबाखू असेल तर थुंकून."

आडोशामागच्या आरामखुर्चीत काटेवाल्यांना रेलून बसवण्यात आलं. टोपरं आणि लंगोट एवढ्यावर नात त्यांच्या छातीवर पालथी ठेवली, तोंड एका बाजूला वळवलं, आणि सिस्टरने दोघांना मिळून एका कापडाने घट्ट बांधलं. वरून पांघरूण. दोन गार पावलं काटेवाल्यांच्या पोटाला टेकली आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"श्वास घ्या आजोबा. मला आणखी एक पेशंट नकोय."

तिने सुनेचं थोडं काढलेलं दूध चमच्याने बाळाच्या ओठांशी लावलं. पोरीने गिळलं नाही. दूध ओघळून काटेवाल्यांच्या छातीवर आलं.

"पुन्हा बघू," म्हणून सिस्टर दुसऱ्या बाईकडे गेली.

बायको आडोशापाशीच उभी होती, पदर तोंडाला लावून. "जमतंय का?"

"बोलायला लावू नकोस मला."

"आपली पहिली पोरही अशीच गार पडली होती," ती म्हणाली. रागाने नाही, इतक्या वर्षांत राग झिजून गेला होता. "मी म्हणत होते, पाय गार लागतायत. सगळे म्हणाले, लहान मुलांचे असतातच. तुम्ही काट्यावर होतात."

सुट्टी मिळत नव्हती, हे काटेवाल्यांनी तेव्हा सांगितलं होतं. तेच पुन्हा सांगायला आज तोंड उघडेना. त्यांनी फक्त पांघरूण बाळाच्या मानेपर्यंत ओढलं, आणि या खेपेला आत डोकावून बघितलं नाही.

दुपार सरता सरेना. हात अवघडले, कंबर गेली, एक पाय तर आपला आहे की खुर्चीचा हेही कळेना. मामा चहा विचारायला आले, त्यांना काटेवाल्यांनी डोळ्यांनीच हाकललं. केव्हातरी पोटाला टेकलेली पावलं लागेनाशी झाली. ते दचकले. मग ध्यानात आलं, पावलं होती तिथेच होती. गार लागत नव्हती.

सिस्टरने येऊन तळवे बघितले, पुन्हा चमचा लावला. पोरीने तोंड वेडंवाकडं केलं, आणि गिळलं. मग आणखी एक चमचा.

"येतेय वळणावर," सिस्टर म्हणाली. "पण सोडायची नाही. आजची रात्र अशीच, आणि मग आईला जमेपर्यंत."

एवढ्यात विहीणबाई आतून आल्या. "डोळे उघडले हो माझ्या पोरीने. रक्त थांबलंय म्हणतात. बाळ कुठंय विचारतेय. काय सांगू?"

आडोशापाशी सगळं गणगोत गोळा झालं. अशा वेळी काटेवाले दोन शब्द बोलल्याशिवाय राहत नाहीत, हा घरचा अनुभव. आत्याने तर डोळ्यांना पदर लावूनही ठेवला.

काटेवाल्यांनी घसा खाकरला, पोरगी हलली, तसे ते अर्ध्यातच थांबले.

"तिला सांगा, इथे आहे. गरम आहे," ते कुजबुजले. "आणि विहीणबाई, एक विनंती होती."

विहीणबाई गहिवरून खाली वाकल्या. "सांगा ना."

"टकलावर केव्हाची माशी फिरतेय. तेवढी हाकलता का?"