लोकरी मोज्यातला डायल

मित्रांनो, मला खोटं ठरवून मिंकोला काय मिळणार होतं, ते आधी मोजून घेऊ. शेगडीजवळची खुर्ची, ती आधीपासून त्याचीच होती. "मिंको, तूच बघ बाबा," म्हणत मालकाने खांद्यावर ठेवलेला हात, तोही रोजचाच. आणि मिनिटभर खाली मान घालायची वेळ टळणार होती. नफा म्हणावा तर एवढाच. बल्गेरियातल्या आमच्या या गाब्रोवो गावची माणसं सुतळीचा तुकडासुद्धा टाकून देत नाहीत. जुना सोबती मात्र इतक्या स्वस्तात टाकतात, हे मला ठाऊक नव्हतं.

मी एक जुना डायल आहे. गोल चेहरा, त्यात एक काटा आणि खाली बोटाएवढी दांडी. दांडी केसभर दबली की काटा सरकतो, एवढीच माझी विद्या. घड्याळं करणाऱ्या हातांनी मला घडवलं, पण वेळ सांगायचं काम दिलं नाही. कुठे काय वाकडं आहे, ते सांगायचं दिलं. असं बोलणारा कुणाला फार काळ आवडत नसतो.

मिंको वर्कशॉपचा सेटर. मिलिंग मशीनवर नग कापण्याआधी सगळं सरळ बसवून देणारा. सीएनसी मशीन आज्ञाधारक असतं, शहाणं नसतं. नग वाकडा धरला तर ते तितक्याच इमानाने वाकडा कापतं. म्हणून मिंको मला मशीनच्या स्पिंडलला, म्हणजे कापायचं हत्यार बसतं त्या दांड्याला लावायचा, नग धरणाऱ्या व्हाइसच्या जबड्यावरून हळूहळू फिरवायचा आणि म्हणायचा, "बोल रे म्हाताऱ्या." मी बोलायचो. तो हातोडीने व्हाइसला एक हलकी टिचकी द्यायचा, मी पुन्हा बोलायचो. माझा काटा स्थिर झाला की तो मला पुसून, बायकोने विणलेल्या लोकरी मोज्यात ठेवायचा. गाब्रोवोत लोकर अशी वाया घालवणं म्हणजे प्रेमच.

मग रुमेना शिकायला आली. हातमोज्यांचा कारखाना बंद पडल्यावर ती आमच्याकडे नग घासायला लागली होती. कानशीने धारदार कडा घासता घासता तिने सेटर व्हायचं मनावर घेतलं. मालक पेंचेव म्हणाला, "पंपाचं झाकण आलंय ओतून. एकच आहे. ते नीट लावून दाखव, तिसरं मशीन तुझं. नाहीतर परत कानशीवर."

मिंको शिकवायचा मात्र मनापासून. "पोरी, टेबल पूस. फडक्याने पूस आणि मग तळव्याने. डोळ्याला न दिसणारा लोखंडाचा कीस तळव्याला टोचतो. अंगठी काढ. मशीनजवळ अंगावर लोंबतं काही नको."

"आणि तुमच्या मनगटावर काय लोंबतंय, काका?"

मार्चचा महिना होता. सगळ्यांच्या मनगटांवर लाल-पांढऱ्या धाग्याची मार्तेनित्सा होती. मिंकोची रुमेनानेच वळून बांधली होती. पांढरी लोकर संपली म्हणून टोकाला हिरवी गाठ मारली होती. नवा गुंडा कोण आणतो!

"करकोचा दिसायच्या आत मार्तेनित्सा सोडू? वर्षभर आजारी पाडतेस का मला?"

"म्हणजे नियम माझ्या अंगठीला आणि सूट तुमच्या धाग्याला!"

"गुरू कोण इथे?" मिंको हसला.

झाकण लावायच्या दिवशी रुमेनाने टेबल पुसलं, तळवा फिरवला. व्हाइस जड, म्हणून मिंकोने ते स्वतः उचलून टेबलावर ठेवलं. तिने बोल्ट आवळले आणि मला फिरवलं. जबड्यावर मी गप्प राहिलो. सगळं सरळ होतं. मग तिने मला व्हाइसच्या तळावर, पुढून मागे नेलं. माझा काटा चढला. तिने बोल्ट ढिले करून पुन्हा आवळले. काटा पुन्हा तितकाच चढला.

"काका, मागची बाजू उचललीय. खाली काहीतरी आहे. व्हाइस काढू या?"

मिंकोने आपल्या मनगटाकडे पाहिलं. मनगट मोकळं होतं. मी तिथेच होतो, मित्रांनो. त्याला कळलं, हे मला दिसलं.

तेवढ्यात पेंचेव चीज भरलेली बानित्सा खात आत आला. "काय अडलंय?"

"माझा धागा खाली गेला," एवढंच म्हणायचं होतं. मिंको म्हणाला, "काही नाही. हा डायल मध्यंतरी हातातून पडला होता. म्हातारा चळलाय. तू सुरू कर, पोरी."

"पण जबड्यावर तर बरोबर दाखवत होता..."

"सेटर कोण, तू की मी?"

पेंचेवने तोंड पुसलं. "मिंको म्हणतोय ना? ठेवा ते डबडं बाजूला."

मी कधीच पडलो नव्हतो. रुमेनाने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा गुरूकडे. तिने गुरूचं ऐकलं.

झाकण वाकडं निघालं. पंपावर बसेना. डायल बिघडलेला आणि पोरगी कच्ची, असा निकाल लागला. पेंचेव म्हणाला, "हातमोजेच शिवायचे होतेस." मिंको मायेने म्हणाला, "शिकेल हळूहळू." ती माया मला शिवीहून जास्त लागली. रुमेना कानशीवर परत गेली, मी मोडक्या हत्यारांच्या खणात. मोजा नव्या डायलला मिळाला.

पुढे करकोचे आले. सगळ्यांनी मार्तेनित्सा सोडून अंगणातल्या आलुबुखारच्या झाडाला बांधल्या. "तुझी रे, मिंको?" "हरवली कुठेतरी."

त्याच आठवड्यात, झाकण बिघडल्यापासून तसंच पडून असलेलं ते व्हाइस साफसफाईला उचललं. रुमेना टेबल पुसायला गेली. कागदासारखा चपटा झालेला धागा तिच्या तळव्याला लागला. टोकाला हिरवी गाठ.

तिने तो मिंकोच्या हातावर ठेवला. "काका, बांधून या झाडाला. आणि येताना पेंचेवना सांगा, हा कुठे सापडला. मी नाही सांगणार. तुमच्या तोंडून यायला हवं."

मिंकोने मूठ मिटली आणि खिशात घातली.

जेवणाची सुट्टी संपेपर्यंत ती थांबली. मग एप्रन खुंटीला अडकवून गेली. शेजारच्या सेव्हलिएवो गावात कुठल्याशा वर्कशॉपात पुन्हा शिकाऊ म्हणून लागली, असं कानावर आलं.

मित्रांनो, तुम्ही मशीन लावायला शिकाल तेव्हा काटा हलला तर त्याचं वय विचारू नका. खाली काय अडकलंय ते बघा. गुरू "सोड" म्हणाला तरी एकदा व्हाइस उचला. आणि स्वतः गुरू झालात, तर स्वतःचं मनगट आधी तपासा.

अजूनही अवघड नग आला आणि आसपास कुणी नसलं, की मिंको खण उघडतो. नवा डायल मोज्यातच राहतो. "बोल रे म्हाताऱ्या," तो हळूच म्हणतो. मी खरं तेच सांगतो. दुसरं काही मला येत नाही. काम झालं की तो मला पुन्हा चिंध्यांखाली सारतो.

पेंचेवचा नग गेला. रुमेनाची जागा गेली. माझं नाव गेलं. मिंकोची खुर्ची शेगडीजवळ होती तिथेच आहे.