मोठ्या मापाची टोपी

धोंडुबाईनं दोरा दातानं तोडला आणि हिरव्या कापडावर पुढची टिकली ठेवली.

"आई, औंदा पोराला फकीर करायचं न्हाय," उंबऱ्यात उभा राहून पिराजी म्हणाला. "मी आता तालमीचा सेक्रेटरी हाय. माणसं हसत्यात मला."

"मग तू बी हस की त्यांच्यासंगं."

"चेष्टा न्हाय ही. माझं पोर झोळी घेऊन दारोदार फिरणार न्हाय."

"बरं," म्हणून तिनं टिकली टाचली.

आईचं हे 'बरं' पिराजी जन्मापासून ऐकत आलेला. तरी फसला आणि निघून गेला.

दोन लेकरं पाळण्यातच गेल्यावर धोंडुबाईनं पीराला नवस केला होता. तिसरं जगलं तर दर मोहरमला घरातलं एक जण फकीर होईल, घरी हातानं शिवलेली टोपी घालून पाच घरं मागेल. तिसरं जगलं, म्हणून त्याचं नाव पिराजी. आधी तोच फकीर व्हायचा, पुढं त्याचा मुलगा. आणि आता सेक्रेटरीला लाज वाटते म्हणून दिलेला शब्द मोडायचा? धोंडुबाईच्या अंगाचा तिळपापड झाला होता.

तिनं पेटीतून पिराजीची लहानपणीची टोपी काढली, तिची काळवंडलेली जर उसवली आणि नव्या टोपीच्या कडेनं बारीक टाके घालत फिरवली.

सुनेनं, बाळाबाईनं, टोपी उचलून बघितली.

"आत्ती, ही लई मोठी झालीया की. पोराच्या नाकावर येईल."

"माप घेऊनच शिवलीया."

मोहरमच्या सकाळी पिराजी दारापुढच्या कट्ट्यावर ट्रान्झिस्टर लावून तालमीतल्या चौघांबरोबर चहा पीत होता. धोंडुबाई परड्याच्या दारानं बाहेर पडली आणि गल्लीतून फिरून समोर आली. अनवाणी, गळ्यात झोळी, पांढऱ्या केसांवर हिरवी टोपी.

"पयलं घर हेच धरलंय," ती म्हणाली. "वाढा पीराच्या नावानं."

कुणी हसलं नाही. ट्रान्झिस्टर कुणीतरी बंद केला.

"आई, आत चल," पिराजी हळू आवाजात म्हणाला.

"फकीर उंबरा वलांडत न्हाय. वाढतोस, का पुढच्या दारात सांगू, सेक्रेटरीच्या घरात मूठभर जुंधळं न्हाईत म्हणून?"

बाळाबाई सूप घेऊन दारात आलीच होती. पिराजीनं ते तिच्याकडून घेतलं आणि आईसमोर आला. टोपीच्या कडेची ती काळपट जर त्यानं ओळखली. त्यानं मूठ भरली, आणि झोळीत रिती करण्याआधी पायातली पायताणं काढून बाजूला ठेवली.