आयोडीनचा एक थेंब

मित्रांनो, मी एक जुना ड्रॉपर आहे. काचेची नळी आणि डोक्यावर लाल रबराची टोपी, एवढाच माझा देह. कानाच्या औषधाबरोबर मी बुऱ्हाणपुरात आलो. औषध संपले आणि मी कपाटात पडून राहिलो. मग सातवीतल्या मृणालने मला शोधून काढले आणि माझे दिवस पालटले.

हळदीच्या पाण्यात मी चुन्याची निवळी सोडली, ते लाल झाले. बटाट्याच्या फोडीवर जखमेला लावायचे आयोडीन टाकले, ती काळीनिळी पडली. "स्टार्च आहे!" म्हणून मृणाल टाळ्या पिटी. घरातले कौतुक करीत आणि मी फुगून जाई.

भेसळीच्या माव्यात, म्हणजे खव्यात, पीठ असते, असे तिने वाचले होते. एका रविवारी ती मला आणि आयोडीनची बाटली घेऊन बुधवाऱ्याच्या बाजारात उतरली. शेजारच्या गिरधरकाकांच्या दुकानात मावा-जलेबीची कढई चढली होती.

"या, सायंटिस्ट बाई! आज कोणाची परीक्षा?"

"तुमचीच!"

तिने परातीतून चिमूटभर मळलेला मावा उचलला आणि मला दाबले. मावा काळानिळा झाला.

"काका, पकडले गेलात! भेसळ!"

ती हसत ओरडली. पण गिऱ्हाइके हसली नाहीत. रोज येणाऱ्या वसंतभाऊंनी हातातला द्रोण खाली ठेवला. "वा रे गिरधर! इतक्या वर्षांच्या गिऱ्हाइकालाही?" ते निघून गेले. बाकीचेही पांगले.

गलका ऐकून मृणालची आई पूर्णिमा धावत आली. "अगं वेडे, जलेबीच्या माव्यात आरारोट मळावंच लागतं, नाहीतर तुपात ती विरघळेल! आरारोट म्हणजे स्टार्चच की. करणाऱ्याला आधी विचारायचं ना!"

काकांनी न मळलेला, नुसता मावा पुढे केला. "यावर टाक, बेटा." मी थेंब सोडला. तो तपकिरीच राहिला. पण ते बघायला दुकानात कोणीच उरले नव्हते.

मृणाल रडत वसंतभाऊंच्या घरी गेली. मी तिच्या मुठीत होतो. "आजोबा, चूक माझी आहे. काकांचा मावा चोख आहे. मी विचारलंच नाही."

दुसऱ्या सकाळी वसंतभाऊ आले. जलेबी घेतली, मात्र तोंडात घालण्याआधी त्यांनी तिचा वास घेतला. काकांनी ते पाहिले आणि मान खाली घातली. मृणालनेही घातली. मी तर आरपार दिसणारी काच. मी तोंड कुठे लपवणार?

मित्रांनो, प्रयोग जरूर करा. मला धुऊन, पुसून ठेवा. पण रंग बदलला की आधी विचारा, मग बोला. बाटलीतले औषध मी हवे तेव्हा वर ओढतो. सुटलेला थेंब मात्र मला कधीच परत घेता आला नाही.