पुसायचं सेमिस्टर

पेनला मण्यांची साखळी होती आणि साखळीचं दुसरं टोक खिडकीच्या फळीला स्क्रूने पक्कं केलेलं. म्हणजे पेन पळवणारे इथेही आहेत तर, रॉन्डाच्या मनात आलं. नेब्रास्कातल्या मक्याच्या शेतांमधलं एवढंसं कॉलेज… डावा अंगठा नेहमीप्रमाणे गुणपत्रिकेच्या चौथ्या ओळीवर होता. अठ्ठावीस वर्षं हा कागद हातात आला की अंगठा आपोआप तिथेच जाई.

"कर की अर्जावर सही," खिडकीपलीकडून ट्विला म्हणाली. दोघी शाळेत एकाच वर्गात होत्या. "साडेचारला खिडकी बंद करते हं मी. तू असलीस तरी!"

जनरल स्टडीजची पदवी. धान्याच्या कोठारावर ट्रकांची वजनं करण्याची नोकरी सांभाळून, जमेल तेव्हा एखादा विषय – कुंभारकाम, हवामान, एकदा तर चक्क गायन. "जनरल म्हणजे नेमकं काय गं, मम्मी?" तिच्या मुलाने, किपने, विचारलं होतं. "सगळ्यातलं थोडं थोडं." "म्हणजे चर्चच्या जेवणातलं ताट, प्रत्येकाच्या डब्यातला एकेक चमचा!" ती हसली होती. लागलंही होतं.

मे महिन्यात पदवी मिळायची, पण सरासरी किंचित कमी पडत होती, चौथ्या ओळीतल्या त्या एका एफमुळे. १९९६, जीवशास्त्र. मार्चमध्ये डॅडींना लकवा झाला आणि सोमवार-बुधवार-शुक्रवारच्या सकाळी ती कॉलेजऐवजी त्यांना ओट्स भरवत बसू लागली. जायचं बंद केलं की नाव आपोआप निघत असेल, अशी तिची समजूत. विषय सोडायचा तर पिवळी चिठ्ठी भरून द्यावी लागते, नाहीतर नापास – हे सांगायला घरात कॉलेज पाहिलेलं होतं कोण?

आता अर्ज केला की जुनं सेमिस्टर पुसून मिळतं. पण अख्खं. एफबरोबर भूगर्भशास्त्रातला ए सुद्धा.

"ए गेला तरी भागतंय तुझं, मी बघितलंय," ट्विला म्हणाली. "नाहीतर जीवशास्त्र परत कर. एफ कागदावर राहील, सरासरीत धरला जाणार नाही. पण मग हा मे विसर, बाई."

शनिवारी बहीण घरी असायची, म्हणून शनिवारचं भूगर्भशास्त्र सुटलं नव्हतं. एका शनिवारी नदीकाठच्या दरडीतला चपटा दगड तिने आणला, डॅडींच्या चांगल्या हातात ठेवला. वाचा तर गेलेलीच होती… मी चमचा पुढे करते आहे, आणि दगडावरची त्यांची मूठ उघडत नाही. सोमवारी तसंच, बुधवारी तसंच. मी वेळ बघते – आत्ता वर्गात बेडूक चिरत असतील – आणि पुन्हा चमचा भरते.

आठवडाभर तिला त्या एचं वाईट वाटत होतं. आता अंगठा जरासा सरकला, आणि वाईट वाटत होतं ते एफचं. डॅडी गेले, आई गेली, बहिणीला काही आठवत नाही. त्या सगळ्या सकाळी रॉन्डा कॉलेजात नव्हती, एवढं तरी या एका कागदावर लिहिलेलं होतं. इतकी वर्षं तिला त्याची लाज वाटली. आणि आज ते पुसायला तीच आली होती. तिला भीती वाटली.

"पाच मिनिटं," ट्विला म्हणाली. "अगं, कुठे हरवलीस?"

"वाचतेय."

पेन हातात होतं. तिने चौथी ओळ पुन्हा वाचली, अंगठा बाजूला ठेवून.