यादीबाहेरचा झेंडू

रानवेल शेतकरी कंपनीच्या ऑफिसात त्या पावसाळ्यात एकच रडगाणं चालू होतं: यादी उघडत नाही. कंपनी कसली, तर नाशिकच्या आसपासच्या फुलं-भाजीवाल्यांनी मिळून काढलेली. ज्याच्या त्याच्या फाट्यावरून माल उचलायचा आणि बाजारात पोचवायचा, हे तिचं काम. कोणाकडे काय आलंय, गाडी कुठे थांबणार, सगळं एका ॲपमधल्या यादीत असायचं. टेम्पोचे मार्ग ठरवणारा ललित सकाळी यादी उघडायला टाकायचा, खाली जाऊन चहा पिऊन यायचा, आणि तरी पडद्यावरचं ते गोल चक्र आपलं फिरतच असायचं.

हे ॲप आणलं होतं हर्षालीनं. ऑफिसातल्या सगळ्यांना तिनंच ते शिकवलं होतं, आणि कोणी कागदावर काही टिपून ठेवलेलं दिसलं की त्याची खरडपट्टीही तीच काढायची. त्यामुळे एके दिवशी अध्यक्ष रंगनाथभाऊ सगळ्यांसमोर म्हणाले, "हर्षाली, आपलं फोनाफोनीचंच बरं होतं बघ," तेव्हा ते तिच्या जिव्हारी लागलं. तशी मनाला लावून घेण्यात तिचा हात कोणी धरू शकलं नसतं.

ती इरेला पेटली. दोन दिवस लॅपटॉपसमोरून हलली नाही. दोष तिचाच होता आणि तो तिला लवकरच दिसला. हौसेहौसेनं तिनं प्रत्येक शेतकऱ्याच्या नावापुढे कॉलमवर कॉलम जोडले होते. शेताचा फोटो, मालाची सरासरी, गेल्या वर्षाशी तुलना. त्यातले काही कॉलम दर वेळी दुसऱ्या तक्त्यांतून आकडे ओढून आणायचे. म्हणजे ललितला नुसतं गाव आणि माल हवा असायचा, आणि बिचारं ॲप आधी साऱ्या पंचक्रोशीची कुंडली मांडत बसायचं.

मग तिनं एकेक ओझं उतरवलं. नको ते कॉलम काढले, हवे असले तरी रोज न लागणारे झाकून ठेवले, आकडेमोड वेगळ्या पानावर नेली. सकाळच्या यादीला फिल्टर लावला, त्या दिवशीच्या मार्गांपुरता. यादी बरीच सुधारली. इथेच ती थांबली असती तर पुढचं काही घडलं नसतं. पण बरीच सुधारली म्हणजे काय? तिला रंगनाथभाऊंचं तोंड बंद करायचं होतं. म्हणून तिनं शेवटचा हात फिरवला. गेल्या सहा महिन्यांत ज्यांचा माल आला नाही, ती सगळी नावं उचलून 'जुने' नावाच्या वेगळ्या तक्त्यात टाकली. यादी निम्म्यावर आली, आणि बोट टेकवलं की उघडायला लागली.

सहा महिने माल नाही म्हणजे माणूस आपल्यातून गेला, असं तिनं धरलं. मखमलाबादला शेतात वाढलेल्या, दर दसऱ्याला आईबरोबर झेंडू तोडायला जाणाऱ्या मुलीनं! वर्षभर भाजी देणारे लोक यादीत राहिले. पण पेठ रोडच्या डोंगरात अंबूबाई नावाची एक बाई होती. तिच्या शेतात घरापुरतं भात आणि नागली, आणि बांधालगतच्या एका तुकड्यात दसऱ्यापुरता झेंडू. वर्षातून एकदा कंपनीची गाडी तिच्या फाट्यावर थांबायची. त्या मार्गावर या दिवसांत दुसरं कोणी नव्हतंच. तिचं नाव 'जुने'मध्ये गेलं आणि त्याबरोबर तो रस्ताच यादीतून पुसला गेला.

हर्षालीला याचा पत्ता नव्हता. तिचे पाय जमिनीवर नव्हते. रंगनाथभाऊंनी मीटिंगमध्ये टाळ्या वाजवायला लावल्या होत्या. एवढंच नव्हे, निफाडच्या द्राक्षवाल्यांच्या कंपनीतले चार जण त्यांनी मुद्दाम खंडेनवमीच्या सकाळी बोलावले. वर्षातली सगळ्यात मोठी घाई, त्यातही आमची यादी कशी पळते ते बघा म्हणाले. हर्षाली नवी साडी नेसून आली होती. पाहुणे तिच्या खुर्चीमागे उभे राहून पडद्याकडे बघत होते आणि "वा, वा" करत होते.

तेवढ्यात ललितनं दारातून मान आत घातली.

"ताई, एक मिनिट. पेठ रोडच्या अंबूबाईंचा फोन आहे. गाडी कधी येणार विचारतायत, पण यादीत त्यांचं नावच दिसत नाही."

"यादीत नाही ना? मग नाही," हर्षाली मान न वळवता म्हणाली.

"नाही, पण दर वर्षी..."

"ललित, यादी बरोबर आहे." मग पाहुण्यांकडे वळून हसत म्हणाली, "जुन्या सवयी जायला वेळ लागतो हो."

पाहुणे हसले. ललित गेला.

दसऱ्याच्या सकाळी ऑफिसात नेहमीसारखे एकमेकांना सोनं वाटायला लोक जमले होते. लॅपटॉपला आदल्या दिवशी घातलेला झेंडूचा हार अजून ताजा होता. ललित मात्र गप्प गप्प होता.

"काय रे, तोंड का पाडून बसलायस?" हर्षालीनं विचारलं.

"काल अंबूबाईंना सांगितलं, यंदा नाव नाही म्हणून. वाटलं चिडतील. नुसतं 'बरं' म्हणाल्या आणि फोन ठेवला. ताई, फुलं तोडून फाट्यावर बसल्या होत्या त्या."

हर्षालीनं 'जुने' उघडलं. तेही झटकन उघडलं. अंबूबाईचं नाव तिथे होतं. शेवटचा माल, गेला दसरा. त्याआधीचा माल, त्याच्या आधीचा दसरा. तिला आठवलं, हे नाव तिनंच त्यांच्या ओट्यावर बसून नोंदवलं होतं आणि वर सांगितलं होतं, "मावशी, आता फोनसुद्धा करायचा नाही. गाडी आपोआप येईल."

फोन लावला तर लागेना. डोंगरात रेंजचा भरवसा नव्हता. ड्रायव्हर सुट्टीवर होता, म्हणून ललितनं स्वतःच कंपनीचा छोटा हत्ती टेम्पो काढला. दुपारपर्यंत नाशिकच्या चौकाचौकात झेंडू खपतो, संध्याकाळी त्याला कुत्रं विचारत नाही. अजून वेळ आहे, पोती उचलू, पंचवटीत कोणाच्या तरी हातावर ठेवू, असं हर्षाली वाटभर बोलत राहिली. ललित गाडी हाणत होता. तो एकदाही म्हणाला नाही की मी तुम्हाला विचारलं होतं. म्हणाला असता तर तिला बरं वाटलं असतं.

फाट्यावर कोणी नव्हतं. गाडी आत वळली आणि दोघंही बघतच राहिले. सगळा पाडा झेंडूनं मढला होता. हातपंपाला हार, विजेच्या खांबाला हार, शाळेच्या फाटकाला, मोटारसायकलींना, बैलांच्या शिंगांना हार. शेळ्यासुद्धा माळा घालून हिंडत होत्या आणि एकमेकींच्या माळा खात होत्या. देवीच्या ठाण्यापुढे तर केशरी ढीगच होता, आणि बायका एकीमागून एक येऊन एका ठेंगण्या म्हातारीच्या पाया पडत होत्या. ती अंबूबाई होती.

टेम्पो बघून तिचा चेहरा क्षणभर उतरला. मग ती लगबगीनं पुढे आली.

"या या! कंपनीच्या म्याडम आल्या बघा, सणाच्या दिवशी," ती मोठ्यांदा म्हणाली.

"मावशी, फुलं..." हर्षालीनं तोंड उघडलं.

"देवीला वाहिली. नवस व्हता माझा," अंबूबाई आणखी मोठ्यानं म्हणाली, आणि तिनं हर्षालीचा दंड असा दाबला की तिचं बोलणं जागीच थांबलं. एक बाई कौतुकानं सांगू लागली, "सगळी फुलं दिली वो अंबूमावशीनं. एक गोणी इकली नाय. येवढं मन लागतं." आणि हर्षालीच्या गळ्यातही कोणीतरी हार घातला. हार जड होता, फुलं टपोरी, खडखडीत कोरडी. तिला तो काढून टाकावासा वाटला, पण काढता येईना. शरमेनं तिची मान वर होईना, आणि बायकांना वाटलं, पोरगी लाजली.

अंबूबाई तिला घरामागे गोठ्याकडे घेऊन गेली. ललितही मागून आला. तिथे तिचा नवरा कोंडाजी दोरी वळत बसला होता. त्यानं पाहुण्यांकडे बघितलंही नाही.

"नवस कसला आन् काय," अंबूबाई हळू आवाजात म्हणाली. "फाट्यावरून गोण्या माघारी आणल्या, समदे इचारायला लागले. नाव काढलं म्हणून कोणत्या तोंडानं सांगू? फेकवंना बी. म्हणून बोलले नवस." मग तिनं नवऱ्याकडे बोट केलं. "यांनी तर ठरवलं, फुढच्या सालापास्नं फुलं नाय. त्या तुकड्यात बी नागली. गेल्या साली ओली फुलं दिली, म्हणून तुमी काढलं ना? खरं हाय ते, दवात तोडली व्हती, ती लवकर सडतात. पन यंदा ऊन चढल्यावर तोडली. हाताळून बघा. एक साल द्या, म्याडम."

तिनं हात जोडले. तिच्या त्या तुकड्यासाठी हर्षालीपुढे हात जोडले. हर्षालीला वाटलं, जमीन दुभंगावी.

"मावशी, माझंच चुकलं," ललित एकदम म्हणाला. "फोनवर मीच बोललो. मला नीट दिसलं नाही."

आणि हर्षाली गप्प बसली. हे सांगायलाच हवं, की ती गप्प बसली. कोंडाजीनं मान वर करून ललितला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, अंबूबाई "आसं व्हय" म्हणाली, ललितनं मान खाली घातली, तोवर ती गप्प होती. तिला सुटल्यासारखंसुद्धा वाटलं. ते सुटल्यासारखं वाटणं तिच्या ध्यानात आलं, तेव्हा मात्र तिला स्वतःची किळस आली.

"नाही," ती म्हणाली. "त्याचं काही चुकलं नाही. मावशी, तुमच्या फुलांना कोणी नावं ठेवली नाहीत. यादी लवकर उघडावी म्हणून मी काही नावं बाजूला काढली. त्यात तुमचं गेलं. कोणाचं जातंय ते मी बघितलंच नाही."

कोंडाजीच्या हातातली दोरी थांबली. "म्हंजे काढलं नव्हतं?"

"नाही, बाबा. फुलं चांगली होती. ती बंद करू नका."

तो बायकोकडे बघत राहिला. अंबूबाईचं लक्ष मात्र हर्षालीवर होतं.

"पन मी फोन केला व्हता की, म्याडम. मी त्या येळी फाट्यावरच व्हते. तवा बी कुनी बघितलं नाय?"

"ललित मला विचारायला आला होता. मी बघितलं नाही."

"का वो?"

तिनं खूप शोधलं. सांगण्याजोगं एखादं कारण सापडावं म्हणून तिनं जीव तोडून शोधलं. पण दुसरं काही नव्हतंच.

"पाहुणे आले होते," ती म्हणाली.

तोंडून बाहेर पडल्यावर ते तीन शब्द इतके हलके निघाले की हर्षालीला रडूही येईना. ती डोळे खाली घालून उभी राहिली आणि वाट बघू लागली. शिव्या येऊ देत, निघा म्हणू देत, काहीही चालेल.

"पाव्हने आले व्हते," अंबूबाईनं हळूच म्हणून बघितलं. मग मान हलवली, दोघांना घेऊन घरापुढे आली, आतून धुतलेली घोंगडी आणली, आणि ओट्यावर अंथरून तिच्यावरून हात फिरवला.

"बसा, म्याडम. तुमी बी पाव्हन्याच की आज. पाव्हनं आल्यावर बाकीचं राहतंच."

त्यात टोमणा असेल म्हणून हर्षालीनं तिच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. टोमणा नव्हता. अंबूबाईनं ठाण्यापुढे खोळंबलेल्या बायकांना हात करून थांबायला सांगितलं आणि ती चुलीवर चहा ठेवायला गेली.